दोष माहीत असलेली गाडी

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घ्यायचा विचार आहे असं सांगितलं की गाड्यांतला जाणकार माणूस आधी हात जोडतो. मग एकेक कारण सांगायला लागतो. कॉइल जातात, टर्बोचे पाइप फुटतात, कूलंट गळतं, काचा दारात पडतात, पार्ट वेळेवर मिळत नाहीत आणि सोलापुरात तर हिला हात लावणारा मेकॅनिकच नाही. यातलं शेवटचं सोडलं तर सगळं खरं आहे. मी ती घेतली ती हे सगळं माहीत असताना, आणि बऱ्याच अंशी माहीत होतं म्हणूनच.

आधी गाडीविषयी. स्कोडा २००१ मध्ये भारतात आली, ती ऑक्टाव्हिया घेऊन. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात या गाड्या जोडल्या जायच्या. आपल्याकडच्या लोकांनी ती घेतली प्रामुख्याने डिझेलमध्ये, मायलेजसाठी. आरएसचं, म्हणजे तिच्याच वेगवान अवताराचं, प्रकरण निराळं होतं. पेट्रोलवर चालणारं १७८१ सीसीचं टर्बो इंजिन, एकेका सिलिंडरला पाच वॉल्व, तीन आत हवा घेणारे, दोन धूर बाहेर टाकणारे, म्हणजे चार सिलिंडरना मिळून वीस. युरोपातल्या आरएसला १८० अश्वशक्ती होती, आपल्याकडे १५० ची आली. आजच्या एखाद्या एसयूव्हीच्या जाहिरातीतही एवढा आकडा असतो, पण या इंजिनाचं बळ त्या आकड्यात नाही. २१० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, मिनिटाला १७५० फेऱ्यांना हाती येतो आणि ४६०० फेऱ्यांपर्यंत तसाच टिकून राहतो. दिसायला चारचौघींसारखी सेडान, पण मागचं झाकण काचेसकट वर उघडतं आणि आत टॉवेलचे गठ्ठे सहज मावतात. आमच्या घरात या गोष्टीला वजन आहे.

स्कोडा फोक्सवॅगनच्याच घरातली, त्यामुळे हेच इंजिन फोक्सवॅगन गोल्फमध्ये होतं, ऑडी ए३ मध्ये होतं, ऑडी टीटीमध्ये होतं. म्हणून ते कुठे दुखतं हे जगभरच्या मेकॅनिकना पाठ आहे. प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर त्याला ठिणगीसाठी वीज देणारी एकेक स्वतंत्र कॉइल बसते. त्या काळातल्या कॉइल इतक्या गेल्या, की २००३ च्या सुमारास अमेरिकेत फोक्सवॅगन आणि ऑडीला लाखो गाड्यांच्या कॉइल बदलून द्याव्या लागल्या. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, कडेला कूलंटची नळी जोडणारी प्लास्टिकची फ्लँज आहे, ती तापून-निवून वयाने ठिसूळ होते. वॉटर पंपाचा मूळचा पंखाही प्लास्टिकचा, तो शाफ्टवरून सुटला तर पट्टा फिरत राहतो आणि पाणी मात्र जागच्या जागी. इंजिनातली वाफ खेचून घेणाऱ्या ब्रीदरच्या नळ्या मऊ पडून चिरतात, मग न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी आयडलला थरथरते. टर्बोने कोंबलेली जास्तीची हवा सोडणाऱ्या डायव्हर्टर वॉल्वचा पडदा फाटतो. दारातली काच धरून ठेवणारी क्लिप तुटते. आणि सगळ्यात महागाचा म्हणजे टर्बो. भर वेगात आल्या आल्या इंजिन बंद केलं तर त्याच्या तापलेल्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळतं, त्याची काजळी धरते, आणि तेलाची बारीक नळी हळूहळू चोंदत जाते.

ही यादी वाचून माणूस घाबरतो, ते बरोबरच आहे. पण मी ती वाचली तेव्हा मला आमच्या अण्णांचा कारखाना आठवला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अण्णांचे लूम होते, टॉवेलचे. एकही नवा घेतलेला नव्हता. कुणाचा कारखाना बंद झाला, कुणी भाऊ वेगळे झाले, असे दुसऱ्यांकडून आलेले. साध्या लूमवर धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, आणि त्याला धक्का देणारा पिकर हा भाग झिजतो. झिजणारच, कारण दिवसभर मार खाणं हेच त्याचं काम. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात अण्णांनी पिकरचा डबा ठेवलेला असे. डबा अर्ध्यावर आला की तो भरल्याशिवाय ते घरी येत नसत. नव्या कामगाराला ते सांगायचे, "पिकर तुटला म्हणून तोंड पाडू नको. डब्यात पिकर नसला तर मला येऊन सांग." लूम घेतानासुद्धा ते लूमकडे कमी आणि आधीच्या मालकाच्या कारखान्याकडे जास्त बघायचे. तेलाचा कॅन कुठे ठेवलाय, खाली कचरा किती साठलाय, जॉबर, म्हणजे लूम सांभाळणारा मिस्त्री, मालकाशी नजर वर करून बोलतो की नाही. लूमचे दोष त्यांना ठाऊकच असायचे, ते सगळ्या लूमना सारखेच. माणसाची सवय ठाऊक नसायची, ती बघायला ते जायचे.

मी गाडी शोधायला लागले ती याच नजरेने. पुण्यातल्या एक-दोन बघितल्या. एकीचा रंग आरशासारखा होता, टायर नवे, सीटवर नवं लेदर. कागद मागितले तर सर्व्हिसचं एकही बिल नाही. कूलंटची टाकी उघडली तर आत हिरवं पाणी. या गाडीला गुलाबी कूलंट लागतं, दुसरं त्यात मिसळलं की गाळ धरतो. रंगावर लाखभर रुपये घालणाऱ्याने कूलंटवर हजार घातले नव्हते. तिथून मी पाच मिनिटांत निघाले.

मला हवी तशी मिळाली ती छत्रपती संभाजीनगरला. आजवर एकाच घरात राहिलेली, एमएच २० पासिंगची, निवृत्त झालेल्या एका काकांची. फोनवर मी त्यांना एकच विनंती केली, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. ते म्हणाले, "ताई, विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणायचं." पहाटे अंधारातच आम्ही निघालो. तुळजापूर, धाराशिव, बीड. सोबत चाचा आणि लॅपटॉप सांभाळत मागे बसलेला त्यांचा पुतण्या.

चाचांबद्दल थोडं सांगायला हवं. विजापूर वेशीच्या पुढे एका गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, वर बोर्ड नाही. डिझेल पंप उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. या गाडीचं नाव काढल्यावर ते लगेच हो म्हणाले नाहीत. पुतण्याकडून त्यांनी मोबाइलवर इंजिनाची सगळी चित्रं बघून घेतली, दोन दिवसांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "इंजिन चांगलंय ताई. प्लास्टिक खराब आहे. प्लास्टिक बदलता येतं." सोलापुरात या गाडीचा मेकॅनिक नाही असं जे म्हणतात त्यांनी चाचांना विचारलेलं नसतं. नव्या गाडीसाठी नवा माणूसच लागतो असं नाही. वाचायची, विचारायची तयारी असलेला जुना माणूस पुरतो, आणि असे लोक आपल्या गावात आहेत.

काकांच्या पार्किंगमध्ये चाचांनी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. मग पुतण्याला चावी फिरवायला लावली आणि स्वतः इंजिनाजवळ मान तिरकी करून उभे राहिले. या इंजिनात वॉल्व उघडणाऱ्या दोन कॅमशाफ्टपैकी एक पट्ट्यावर फिरतो आणि दुसऱ्याला तो आखूड चेनने फिरवतो. ती चेन ताणून धरणारा टेन्शनर थकला असेल तर थंड इंजिन चालू होताच खडखड येते आणि तेलाचा दाब वाढला की जाते, म्हणून पहिले काही क्षण ऐकायचे. खडखड आली नाही. मग ते मागे गेले, खिशातून वर्तमानपत्राचा चतकोर काढला आणि सायलेन्सरच्या तोंडापाशी धरला. कागद एकसारखा फडफडत राहिला. एखादा वॉल्व जळलेला असेल तर कागद मधेच आत ओढला जातो. बराच वेळ ते वाकून कागद बघत होते आणि काका बाजूला, निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे उभे होते. त्यानंतर तेलाचं झाकण, कूलंट, चारही काचा खाली-वर. लॅपटॉप लावल्यावर एक जुना कोड निघाला, पी०१७१, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं सांगणारा. चाचांनी ब्रीदरची एक नळी दोन बोटांत दाबून दाखवली. तिला बारीक चीर होती. "हे तीनशे रुपयांचं काम," ते म्हणाले, काकांसमोरच.

मग काकांनी एक वही आणली. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. तारीख, किलोमीटर, तेलाचा ग्रेड, कुणी काम केलं, पैसे. तेल दर वेळी पूर्ण सिंथेटिक, फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद लाल शाईत, खाली दोनदा रेघ मारलेली. ती रेघ योग्यच होती. या इंजिनात चालताना पट्टा तुटला तर पिस्टन वॉल्ववर आदळतात आणि हेड कामातून जातं. निघताना काकांनी मला गाडीत बसवून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. हायवेवरून आलात की लगेच चावी काढायची नाही, मिनिटभर आयडलवर ठेवायची, टर्बो निवू द्यायचा. त्यांची बायको दारातून म्हणाली, "आमच्या घरातले सगळे गाडीत मिनिटभर बसून राहतात, आता तुम्हीही बसा."

भावाची घासाघीस फार झाली नाही. त्यांनी तीन सांगितले, अडीच लाखांवर जमलं. खरा हिशेब मी आधीच मांडला होता. गाडीचे अडीच, आणि दीड लाख वेगळ्या खात्यात, फक्त हिच्यासाठी. चाचा पहिल्या वर्षात लाखभर जाईल म्हणाले होते, जवळपास तेवढाच गेला. सगळ्या रबरी नळ्या, फ्लँज, तापमानाचा सेन्सर, पुढच्या आर्मचे बुश, एसीचा काँप्रेसर. पार्ट मागवण्याचीही एक रीत बसते. दुकानदाराला गाडीचं नाव सांगायचं नाही, पार्ट नंबर सांगायचा. ऑक्टाव्हियाचं नाव काढलं की "येत नाही" म्हणणारा माणूस तोच नंबर ऑडीचा म्हणून शोधून देतो.

दीड लाख बाजूला ठेवणं जमत नसेल तर ही गाडी घेऊ नये, हे मी अगदी स्पष्ट सांगते. घरात एकच गाडी असेल आणि सकाळी मुलांची शाळा, रात्री-अपरात्री म्हाताऱ्यांचा दवाखाना तिच्यावरच असेल, तरीही घेऊ नये. आमच्याकडे रोजच्या कामाला एक छोटी गाडी आहे. तिच्यामुळेच हिला चार दिवस गॅरेजमध्ये ठेवणं परवडतं, आणि तिच्यामुळेच चाचांना घाई करावी लागत नाही. घाईत केलेलं काम या इंजिनाला चालत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे आरटीओत गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी वाढवायचं. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५००० झाली होती. काकांनी ते आधीच करून ठेवलं होतं. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. शिवाय जुन्या गाडीला पर्यावरण कर. मला हे पैसे जड वाटत नाहीत. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर ती धड आहे हे दाखवायची जबाबदारी आपलीच आहे. ब्रेक बघावेत, धूर बघावा, नीट बघावा. वय बघून मोडीत काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सोलापूरची हवा हा वेगळा विषय. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो. टर्बो इंजिनाला गरम हवा मानवत नाही. हवा तापली की विरळ होते, इंटरकूलर तिला पुरेशी निववू शकत नाही, आणि नॉक होऊ नये, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटू नये, म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो. दुपारी आसरा पुलावरच्या गर्दीत ही गाडी मरगळलेली असते, पहाटे सहाला त्याच रस्त्यावर तिला ओळखणार नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही हिला सकाळीच काढतो. रेडिएटरचे दोन्ही पंखे, त्यांची रिले आणि कूलंटची पातळी मार्चमध्येच बघून घेतो.

आणि पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं, उसापासून बनणारं इथेनॉल. हा प्रश्न माझ्यासाठी घरातला आहे. माढ्यात मामांचा ऊस आहे. कारखान्याला इथेनॉलमुळे पैसा मिळाला की उसाचं बिल वेळेवर येतं, हे मी लहानपणापासून नाही, पण गेल्या काही वर्षांत जवळून बघितलंय, आणि मला त्याचा आनंद आहे. दुसरीकडे माझी गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, आणि त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी असते. इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून मिश्रण सांभाळून घेतो, पण नळ्या सांभाळणं त्याच्या हातात नाही. त्या आपण बदलायच्या. आम्ही इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पेट्रोल फिल्टर लवकर बदलतो, आणि टाकीत पेट्रोल महिनाभर पडून राहू देत नाही. जुन्या गाड्यांसाठी पंपावर साध्या पेट्रोलची एक नळी ठेवली असती तर मामांचंही नुकसान झालं नसतं आणि आमचंही. हे मी मामांनाही सांगितलं, त्यांनाही पटलं.

एकदा गाडीने रस्त्यात दम तोडला. अण्णांना घेऊन पुण्याहून येत होते. उजनी ओलांडली आणि टेंभुर्णीच्या अलीकडे चेक इंजिनचा दिवा उघडझाप करायला लागला, गाडी लंगडायला लागली. हंगाम होता, उसाच्या जोड-ट्रॉल्या बिनलाइटच्या ओळीने जात होत्या, त्यामुळे आधी एका ढाब्याच्या आवारात शिरले आणि मगच इंजिन बंद केलं. दिवा उघडझाप करत असताना गाडी रेटायची नसते, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. मोबाइलला जोडायचा छोटा रीडर लावला. पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. वय झालेली कॉइल, दुसरं काही नाही. अण्णा बाजेवर बसून बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "स्पेअर आहे?"

डिकीच्या डाव्या खणात एका स्टीलच्या डब्यात होती, सोबत स्पार्क प्लग, होज क्लँप आणि फ्यूज. इंजिन पुरतं निवेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग कव्हर काढलं, कॉइलच्या वायरीचा जोड सोडवला, जुनी ओढून काढली, नवी दाबून बसवली. चावी फिरवली आणि चारही सिलिंडर एका सुरात लागले. डब्यात नवी कॉइल घालून ठेवायची आठवण अण्णांनी घरी पोचल्यावर केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केली.

एवढं सगळं कशासाठी, असं आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तिला मी तुळजापूरला घेऊन गेले. तामलवाडीच्या पुढे रस्ता मोकळा होतो. तिसरा गियर, दोन हजार फेऱ्या, पाय हलकेच दाबायचा. आधी अर्धा श्वास काहीच होत नाही. मग पुढून एक बारीक शीळ येते, आणि गाडी मागून कुणी खांद्याला हात लावून ढकलावं तशी पुढे सरकते. धक्का नाही, आरडाओरडा नाही. घाटाच्या वळणात स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या चाकांखाली खडी आहे की डांबर, हे तळव्यांना कळतं. आजच्या गाड्यांत स्टिअरिंग मोटरवर चालतं, बोटाने फिरतं, आणि हाताला काहीच सांगत नाही. मला त्या गाड्यांशी भांडण नाही, माझी रोजची गाडी तशीच आहे. पण यंत्र आणि माणूस यांच्यात असं बोलणं होऊ शकतं, ते आपल्या ऐपतीत असू शकतं, आणि ते आता नव्याने बनत नाही. एवढ्यासाठी नळ्या बदलत बसणं मला योग्य वाटतं. आईने घाटात वरचं हँडल धरून ठेवलं होतं. देवीचं दर्शन झाल्यावर म्हणाली, "परत जाताना जरा हळू चालव, पण त्याच रस्त्याने चल."

काकांचा अजून फोन येतो. तेल कुठलं घातलं, कूलंट कमी होतं का, एवढंच विचारतात. त्यांची वही मी पुढे चालू ठेवली आहे, त्यांच्याच रकान्यांत.

आता दिवाळीनंतर टायमिंग बेल्ट. लाल शाईतल्या त्या नोंदीला किलोमीटर अजून झालेले नाहीत, पण वर्षं झाली आहेत, आणि रबर वर्षांनीही म्हातारं होतं. बेल्ट, टेन्शनर, रोलर, आणि धातूच्या पंख्याचा वॉटर पंप, सगळं आलंय आणि अण्णांच्या जुन्या लोखंडी कपाटात ठेवलंय. चाचांनी सोमवार-मंगळवार मोकळे ठेवलेत. पुतण्याने इंजिनाचा सपोर्ट बार वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलाय, कारण या गाडीत पट्टा काढायला उजवीकडचं माउंटिंग सोडावं लागतं. हेडवरच्या चेनचा टेन्शनरही त्याच वेळी उघडून बघायचा का, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. चाचा म्हणतात, वाजत नाही तर हात लावू नका. मला वाटतं, एवढं उघडलंच आहे तर पॅड किती झिजलंय ते बघून घ्यावं.